भिंगरीची सही

"बाबा, पहिला नंबर तुमचा. उचला कुणाला उचलायचं ते," केमिस्ट म्हणाला आणि त्यानं शेजारी बसलेल्या सरांना गुडघ्यानं हळूच ढोसलं.

ते ढोसणं मी पाहिलं. मला असलं सगळं दिसतं. लेक झाल्यापासून माझ्या डोळ्यांना दुसरा उद्योगच राहिलेला नाही. गॅसचं बटण, खिडकीची कडी, टेबलाचा कोपरा, बाबांच्या पेनाचं टोपण. ठमी आता रांगते आणि जे दिसेल ते तोंडात घालते. त्यामुळे मी बसले असले तरी अर्धी उभीच असते. तशीच त्या रविवारी सकाळी बैठकीच्या दारात होते. म्हणून केमिस्टचा गुडघा मला दिसला आणि त्यानंतर टीव्हीवरची यादीही दिसली.

यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं : भिंगरी. वय अठरा. डावखुरा. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा.

माझ्या सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"हे नाव कुणी टाकलं?"

"कॉम्प्युटर टाकतो, बाबा," नवरा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

"कॉम्प्युटरला भिंगरी कसं कळलं?"

सर खोकले. केमिस्टनं बिस्किटाचा तुकडा मोडला.

"अहो गंमत," नवरा म्हणाला. "गेल्या वर्षी ह्याच्या मेहुण्याचं नाव नव्हतं का टाकलं? त्याच्या आदल्या वर्षी सरांचे हेडमास्तर. तेव्हा तर तुम्हीच सगळ्यात जास्त हसला होतात."

ते खरंच होतं. रिवाजच होता तो त्यांचा.

हा खेळ माझ्या नवऱ्यानं या घरात आणला. बेसबॉलचा आहे, पण त्यात धावायचं नसतं, फेकायचं नसतं. बसायचं असतं. प्रत्येकाचा एक संघ. तो विकत घ्यायचा, चालवायचा, खेळाडू बदलायचे, सामने कॉम्प्युटर आपला आपण खेळून टाकतो. चौघांपैकी कुणीही बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नाही. नवरा त्यातला कमिशनर, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवरून सगळी सूत्रं हलतात. केमिस्ट आणि सर त्याचे शाळेपासूनचे मित्र. चौथा माणूस मिळेना म्हणून, आई गेल्यानंतर बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे तेव्हा, त्यांना बसवलं.

दर वर्षी, म्हणजे खेळातल्या दर वर्षी, कॉम्प्युटर अठरा-अठरा वर्षांची काल्पनिक पोरं तयार करतो. नुकती शाळा संपलेली, कुठल्याही संघात नसलेली. चौघांनी पाळीपाळीनं ती निवडायची. पण निवडलं म्हणजे पोरगं आपलं झालं असं नाही. त्याच्यासमोर आकडा ठेवायचा, त्यानं सही करायची, तेव्हा ते आपलं. ठरलेल्या तारखेपर्यंत सही झाली नाही तर ते कॉलेजला निघून जातं आणि यादीतून पुसलं जातं. पुन्हा कधीच दिसत नाही.

बाकीचे तिघं घासाघीस करतात. त्यातच खरी मजा, असं केमिस्ट म्हणतो. एखाद्या पोराला शेवटच्या दिवसापर्यंत टांगून ठेवायचं, मग निम्म्यात उचलायचं. बाबांचं मात्र वेगळं होतं. ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना, ज्यानं जे मागितलं ते देऊन टाकत. लंगड्याला, आंधळ्याला, ज्याचा चेंडू पोचेल की नाही अशालाही. एका हातात माऊस, दुसऱ्यात खिशातलं शाईचं पेन, आणि बटण दाबताना हळूच म्हणत, "ये."

"बाबा, हा धर्मशाळेचा संघ आहे की बेसबॉलचा?" सर विचारत. बाबा हसत. त्यांचा संघ कायम शेवटचा. आणि शेवटच्या संघाला पुढच्या निवडीत पहिला नंबर मिळतो.

म्हणजे या वर्षीचा पहिला नंबर कुणाचा हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

"घेतला," बाबा म्हणाले.

केमिस्टनं टाळी वाजवली. ठमीला वाटलं आपल्यासाठीच. तिनंही वाजवली.

*

भिंगरी माझा दीर. मी त्याला पाहिलेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा तो घर सोडून गेलेला होता. कपाटाच्या आतल्या बाजूला त्याचा एक फोटो चिकटवलेला आहे : काटकुळा मुलगा, डावा हात मागे, तोंड वेडंवाकडं, चेंडू नुकताच सुटलाय. एका जागी उभा राहत नसे म्हणून भिंगरी. क्रिकेटच खेळायचा, पण असा फेकायचा की शेजारच्या गल्लीतले लोक बघायला येत. एका मोठ्या संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं आणि ते स्वतः घरी आले. मुलाला आमच्याकडे राहायला पाठवा, खाणं-शिक्षण सगळं आमच्याकडे. तो अजून सज्ञान नव्हता. वडिलांची सही हवी होती.

बाबा म्हणाले, "विचार करून सांगतो."

ते नाही म्हणाले नव्हते. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, आणि त्यांनी ते दोनदा सांगितलं. बाबा आयुष्यभर नोंदणी कचेरीत कारकून होते आणि आल्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करायची नाही ही त्यांची तिथली शिस्त होती. कागद काही दिवस टेबलावर पडू द्यावा, चूक असली तर आपोआप वर येते. चोख कारकून म्हणून त्यांचं नाव होतं. लोकांचे अंगठे घेतले की शाई पुसायला टेबलावर ओलं फडकं ठेवणारा त्या कचेरीतला तो एकटा माणूस होता, असंही काकू म्हणाल्या. तर तो कागदही त्यांनी पडू दिला. त्यात चूक नव्हती. तारीख गेली. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. भिंगरी काही महिने घरातच राहिला आणि मग एक दिवस नव्हता. कुठं असतो कुणाला माहीत नाही. आई गेली तेव्हाही आला नाही. त्याला कळवायचं कुठं, हाच प्रश्न होता.

हे सगळं ज्याच्या हातून झालं त्या माणसाला टीव्हीवरचं ते नाव वाचून काय वाटलं असेल, ते मी सांगत बसत नाही.

*

सोमवारी बाबांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला पेन लावलं आणि कचेरीत बसावं तसे कॉम्प्युटरपुढे बसले. मी ठमीला भरवत होते.

"सूनबाई, हे बघ गं. काय मागतोय हा?"

मी वाकून पाहिलं. भिंगरीनं मागितलेला आकडा बाबांच्या तिजोरीत होता त्याच्याहून मोठा होता. खाली खेळाडूचा कल, म्हणजे तो सही करायला किती राजी आहे ते, लिहिलेलं असतं, तिथं होतं : अवघड.

"अवघड म्हणजे अशक्य नव्हे," बाबा म्हणाले. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्याच्यापुढे ठेवलं. पलीकडून उत्तर आलं. खेळातलं ठरलेलं वाक्य, सगळ्याच पोरांचं असतं : खेळाडू विचार करून सांगणार आहे.

बाबांनी ते ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

"आणि बाकीच्यांचं काय, बाबा? ती पण डझनभर पोरं आहेत तुमच्याकडं."

"थांबतील. पैसा सगळा ह्याच्यापुढं ठेवलाय. आधी ह्याचं होऊ दे."

मंगळवारी त्यांनी संघातला सगळ्यात चांगला फटकेबाज केमिस्टला विकला. केमिस्टनं दुकानातून फोनवरच सौदा केला. मला फोनमधून त्याचा आवाज ऐकू येत होता. "एवढ्याच किमतीत देत असाल तर बोला बाबा, नाहीतर गिऱ्हाईक उभंय माझं." बुधवारी सरांनी दोघं उचलले. ज्या पोरांना बाबांनी "ये" म्हणून घेतलं, वाढवलं, खेळातली पाच-सहा वर्षं सांभाळलं, ती सगळी अशीच एकेक करून गेली. रोज नवा आकडा भिंगरीपुढे जाई. रोज संध्याकाळी जेवणाआधी नवरा खेळ एक दिवस पुढे ढकली आणि सकाळी तेच वाक्य येई.

बाबांचं जेवण कमी झालं. ठमी त्यांच्याकडे झेपावली की घेत, पण नजर पडद्यावर. एकदा तिनं पेनाचं टोपण तोंडात घातलं आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी धावले. बोट घालून काढलं. 

गुरुवारी दुपारी नवरा कामावर असताना मी त्याचा लॅपटॉप उघडला. चोरून नाही. तो उशिरा येणार असला की खेळ पुढे ढकलायचं काम मीच करते, पासवर्ड मला ठाऊक होता. ठमीचंच नाव होतं. कमिशनरला प्रत्येक खेळाडूचं आतलं पान दिसतं, इतरांना दिसत नाही ते. मी भिंगरीचं पान उघडलं.

इतरांना दाखवायचा कल : अवघड. खरा कल : अशक्य.

त्याच्यापुढे दुनिया ठेवली असती तरी तो सही करणार नव्हता. ते कॉम्प्युटरनं ठरवलेलं नव्हतं. शेजारी छोट्या अक्षरांत होतं : कमिशनरने बदललेले.

*

"खेळ आहे तो," नवरा म्हणाला. तो हात धूत होता आणि मी नळापाशी टॉवेल घेऊन उभी होते.

"मग बदल ना. एक बटण आहे."

"तू माझं पान उघडलंस?"

"उघडलं. बदल ते. म्हातारा माणूस आहे, अरे. जेवत नाहीयेत."

"जेवतील." त्यानं टॉवेल घेतला, पण हात पुसले नाहीत. "तुला माहितीये, ते पहिल्या दिवशी सगळ्यांना सही का देतात? कॉम्प्युटरमधल्या पोरांना? जी नाहीतच त्यांना? प्रायश्चित्त चाललंय. ये म्हणतात. ऐकलंयस ना तू? ये! मला कधी म्हणाले? मी बारावीनंतर बाहेर शिकायला जातो म्हटलं, तेव्हा पण विचार करून सांगतो. तो निघून गेला, तो हिरो झाला. मी राहिलो. राहणाऱ्याचं कौतुक कुणाला? त्याचा फोटो कपाटात. माझा फोटो बघितलायस ह्या घरात कुठं?"

मी पाहिला नव्हता.

"म्हणून असं?"

"गंमत आहे गं," तो म्हणाला, आणि आवाज एकदम मऊ करून, "तुला एवढा पुळका असेल तर सांग त्यांना जाऊन. सांग, तुमचा थोरला तुम्हाला आठवडाभर नाचवतोय. बघू सांगतेस का."

ठमी मधल्या दारात रांगत आली होती. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मला वाटलं, ही सगळं साठवून ठेवतेय.

*

मी शनिवारी सांगितलं. बाबा बाल्कनीत ठमीचे धुतलेले लंगोट काढत होते. हे काम त्यांनी स्वतःहून घेतलेलं.

"बाबा, तो सही करणार नाहीये."

"कोण?"

"भिंगरी. खेळातला. ते आधीच तसं ठरवून ठेवलंय. कितीही दिलंत तरी नाही करणार."

ते एका लंगोटाची घडी घालत होते. ती घालून झाली. मग दुसऱ्याची घातली.

"थोरल्यानं?"

मी दोरीवरचा पुढचा चिमटा काढला.

"हं," ते म्हणाले. "वाटलंच होतं. तरी म्हटलं, बघू." थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तसा चेहरा मी फक्त ठमीचा पाहिला आहे, खाऊ मुठीत आहे की नाही हे कळत नसतं तेव्हाचा. "बदलता येतं का गं ते?"

"येतं. मला येतं. आत्ता करते."

"नको. म्हणजे... त्याला राग येईल."

"येऊ दे."

"मग कर," ते पटकन म्हणाले. "तेवढं कर. मी इथं उभा राहतो, तो आला तर आवाज देतो."

ते खरोखरच कठड्याशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. काखेत लंगोटांची चवड.

मी लॅपटॉप उघडला. ठमीचं नाव टाकलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकलं, मग तिची जन्मतारीख, मग आमच्या लग्नाची. मग भिंगरी टाकून पाहिलं. आईंचं नाव टाकून पाहिलं. खाली संदेश आला की आता काही वेळ प्रयत्न करता येणार नाही.

"झालं का गं?" बाल्कनीतून आवाज आला.

त्यांना आशाच नव्हती इतका वेळ. ती मी दिली होती, पाच मिनिटांपूर्वी. बाहेर जाऊन मी मान हलवली तेव्हा ते म्हणाले, "असू दे, असू दे. हवा सुटलीय, तिला टोपी घाल."

संध्याकाळी नवरा लॅपटॉप उघडताना म्हणाला, "सापडलं का, काय शोधत होतीस ते?" आणि ठमीला उचलून तिच्या पोटावर तोंडानं फुर्र केलं. ती खिदळली.

*

रविवारी दुपारी बाराला मुदत संपायची होती. केमिस्टनं त्या दिवशी दुकान नोकरावर सोडलं. सर वेफर्सची पाकिटं घेऊन आले. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ.

"बाबा, शेवटचा आकडा बघू तरी," सर म्हणाले. "अबब! वहिनी, या बघायला. अख्खा संघ विकून नवरदेव आणतायत."

"आणि नवरदेव रुसला तर?" केमिस्ट म्हणाला.

"रुसायला काय झालं? बाबा म्हणून हाक मारतो की नाही बघ."

मी म्हटलं, "पुरे आता."

"वहिनी, चहा टाका ना," केमिस्ट म्हणाला. मी टाकला नाही.

नवऱ्यानं ठमीला मांडीवर घेतलं होतं. बारा वाजले. त्यानं तिचा उजवा हात धरला, एवढंसं बोट सरळ केलं आणि बटणावर ठेवलं. "चला ठमाबाई. आजोबांचा निकाल तुम्ही लावा."

"तिला नको," मी म्हणाले.

त्यानं तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं. तिनं हात ओढायला पाहिलं, तर आणखी घट्ट दाबून धरलं.

पडद्यावर एक चक्र फिरलं. मग ओळी उतरू लागल्या. केमिस्टच्या पोरांनी सह्या केल्या, सरांच्या केल्या, नवऱ्याच्या केल्या. मग बाबांचा संघ. भिंगरी : प्रस्ताव नाकारला. कॉलेजला जाणार.

"गेला!" सर मांडीवर थाप मारून म्हणाले. केमिस्ट हसायला लागला, पण मध्येच थांबला, कारण ओळी थांबल्या नव्हत्या. बाबांच्या संघाखाली एकामागून एक उतरतच होत्या. मुदत संपली, कॉलेजला जाणार. मुदत संपली, कॉलेजला जाणार. पूर्ण डझन.

बाबा पुढे वाकले. "ही... ही बाकीची कुठं चालली?"

"तारीख गेली, बाबा," नवरा म्हणाला. "तुम्ही त्यांच्यापुढं काही ठेवलंच नाहीत."

"पण ती तयार होती. ती मागत होती तेवढं देणारच होतो मी. ह्याचं झालं की लगेच..."  त्यांचे ओठ हलत होते. ओळी वर सरकून दिसेनाशा होत होत्या आणि ते एकेक नाव वाचायचा प्रयत्न करत होते. भिंगरीचा नकार त्यांनी आठवडाभर अंगावर घेऊन ठेवला होता, तो त्यांना ठाऊकच होता. हे नव्हतं ठाऊक. पुन्हा तेच केलं होतं त्यांनी. पडू दिलं होतं.

नवऱ्यालाही हे सुचलं नव्हतं, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्याच्या मनात होतं त्याच्या पलीकडं गेलं होतं ते. तो घाईघाईनं म्हणाला, "बरं, चला, पुढचा दिवस," आणि बटण दाबलं.

खेळ पुढे गेला नाही. एक लाल चौकट आली : एका संघात पुरेसे खेळाडू नाहीत.

"बाबांचाच असणार," सर म्हणाले. "विकून विकून राहिलंय काय त्यांच्यात."

"बाबा, कुणालाही भरा," केमिस्ट म्हणाला. "मोकळी पडलेली माणसं असतात ना यादीत, पाच-सहा उचला. तुमच्यामुळं सगळ्यांचा खेळ अडलाय."

नवऱ्याला ते स्वतः करता आलं असतं. कमिशनर होता तो. त्याचा हात माऊसवर होता, पण हलत नव्हता. तो बाबांकडे बघत होता.

"बाबा," तो म्हणाला. "भरताय ना?"

बाबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण घट्ट लावलं आणि ठमीचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवून दिलं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

 ते आत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा, हँगरचा, मग नळाचा आवाज आला. आम्ही सगळे त्या लाल चौकटीकडे बघत बसलो. वेफर्सचं पाकीट कुणी तरी उघडलं आणि तसंच ठेवलं.

बाबा बाहेर आले ते साध्या बनियनवर, हातात ओलं फडकं. नवऱ्यासमोर उभे राहिले.

"दे तिला इकडं."

त्यानं दिली. बाबा तिला घेऊन खुर्चीत बसले, तिची मूठ सोडवली आणि दाबून लालबुंद झालेलं ते बोट बाहेर काढलं. मग ओल्या फडक्यानं ते पुसायला लागले. शेंड्याकडून, मग नखाच्या कडेनं, मग पेराच्या चिरेतून, सावकाश, जसा शाई निघायला वेळ लागतो तसं. ठमी हात न ओढता त्यांच्याकडे बघत राहिली.